खिसा रिकामा, विषय अवघड: विज्ञान-गणिताच्या पदवीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस, म्हणजे बदलाचा दर मोजणारं गणित, शिकवतो. दर सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थी, त्यांचे आईवडील, नवे शिक्षक आणि अधूनमधून एखादे देणगीदार जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सरळ द्यायचा प्रयत्न आहे. काही ठिकाणी माझं मत आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

शाळेत पहिल्या पाचांत असलेली मुलगी कॉलेजात पहिल्याच सत्रात गणितात नापास कशी होते?

बहुतेक वेळा बुद्धीमुळे नाही. एलेन सिमोर आणि नॅन्सी ह्युइट या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी विज्ञान सोडून गेलेल्या आणि विज्ञानात टिकलेल्या विद्यार्थ्यांच्या शेकडो मुलाखती घेतल्या. तो अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडणारे आणि टिकणारे यांच्या क्षमतेत त्यांना फारसा फरक दिसला नाही. दोघांच्या तक्रारीही जवळपास सारख्याच होत्या.

मग फरक कुठे पडतो? माझ्या पाहण्यात तो वेळेत पडतो. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६ गेले, राहिले ११२. तासिका आणि प्रॅक्टिकलचे २८ काढा. जाण्यायेण्याचे १५, कामाचे २४, घरचं आवरणं, जेवणखाण, आंघोळ धरून २५. हाती उरतात २०. शेजारच्या बाकावरचा मुलगा कॉलेजच्या बाजूलाच राहतो, काम करत नाही. त्याचे जाण्यायेण्याचे तीन तास धरले तरी त्याच्या हाती ५६ उरतात. पेपर दोघांना एकच. हा हिशेब मी दर वर्षी विद्यार्थ्यांना स्वतःच्या आकड्यांनी मांडायला लावतो. पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतर ‘मीच ढ आहे’ असं म्हणणाऱ्यांची संख्या बरीच कमी होते.

पण हे विज्ञान आणि गणितातच इतकं का जाणवतं?

कारण इथे सगळं साखळीत असतं. कॅल्क्युलस राहिलं की डिफरन्शियल इक्वेशन्स अडतं, ते अडलं की भौतिकशास्त्राचा पुढचा पेपर अडतो. दोन आठवडे आजारपणात किंवा जादा पाळीत गेले, तर दुसऱ्या एखाद्या विषयात ते धडे वाचून भरून निघतात. गणितात पुढचा सगळा महिना अंधारात जातो. त्यात प्रॅक्टिकल असतं दुपारी तीन-तीन तास, नेमकं अर्धवेळ कामाच्या वेळेत, आणि ते बुडवता येत नाही.

पाया कच्चा आहे. आधी एक वर्ष नुसता पाया पक्का करून घ्यावा का?

हा सल्ला सगळेच देतात आणि तो बहुधा महागात पडतो. जे वर्ष क्रेडिटमध्ये, म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या अभ्यासात, धरलं जात नाही, त्याची फी, भाडं आणि बुडालेली मजुरी मात्र खरी असते. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठात एक प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पायाभूत बीजगणिताच्या वर्गात जायला लागणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून थेट पदवीच्या संख्याशास्त्राच्या वर्गात बसवलं आणि सोबत आठवड्याला जादा ट्यूटोरियल दिलं. पास होण्याचं प्रमाण या थेट बसवलेल्यांमध्ये जास्त निघालं.

इथे एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. ते संख्याशास्त्र होतं. ज्याला पुढे भौतिकशास्त्र किंवा गणितच करायचं आहे, त्याची बीजगणितातून सुटका नाही. फक्त ते कॅल्क्युलसच्या *आधी* नाही, *सोबत* करावं.

आणि ‘पाया कच्चा’ म्हणजे नेमकं काय, ते एकदा बघा. परीक्षेत डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढायला दिलं होतं. मुलाने त्यासाठीचा साखळी नियम बरोबर लावला, सगळं बरोबर मांडलं, आणि मधल्या ओळीत लिहिलं: क्ष² + ९ चं वर्गमूळ = क्ष + ३. संपलं. त्याला कॅल्क्युलस येत होतं, अडचण नववीतली होती. मी म्हटलं, क्षच्या जागी ४ ठेव. डावीकडे २५ चं वर्गमूळ, म्हणजे ५. उजवीकडे ७. तो स्वतःशीच हसला. ही चूक त्याने पुन्हा केली नाही. अशा चुका प्रत्येकाच्या साधारण सात-आठ असतात आणि त्याच त्या असतात: अपूर्णांकांची बेरीज, ऋण घातांक, कंस सोडवताना हरवलेलं वजाचं चिन्ह. तपासलेल्या जुन्या उत्तरपत्रिका समोर घेऊन आपल्या सात-आठ शोधून काढल्या आणि रोज वीस मिनिटं दिली, तर महिन्या-दीड महिन्यात बराच फरक पडतो. त्यासाठी वर्ष घालवायला नको.

मी रात्री उशिरापर्यंत एकटा बसून अभ्यास करतो. तरी गुण का येत नाहीत?

कदाचित एकटा बसतोस म्हणूनच.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरी ट्राइसमन हा तरुण अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होता. कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत होते आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले गुण मिळवत होते. शिक्षकांना कारण विचारलं तर ठरलेली उत्तरं आली: जिद्द नाही, शाळेतली तयारी नाही, घरून पाठबळ नाही, गरिबी. ट्राइसमनने दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्यासोबत राहून पाहिलं. शिक्षकांचं एकही कारण टिकलं नाही. मुलं मेहनती होती, घरचे मागे उभे होते. फरक इतकाच, की कृष्णवर्णीय विद्यार्थी जवळजवळ सगळे एकटे अभ्यास करत. चिनी विद्यार्थी आधी एकेकटे गणितं सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत. कुठलं गणित आपल्याला जमलं नाही आणि कुठलं *कुणालाच* जमलं नाही, हे त्यांना कळायचं. एकट्याला हे कधीच कळत नाही. त्याला वाटतं, अडतंय ते फक्त माझंच.

यावर ट्राइसमनने जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याने मागे पडलेल्यांसाठीचा उपचारात्मक वर्ग काढला नाही. उलट कार्यशाळा काढली आणि तिथे नेहमीच्या वर्गापेक्षा *अवघड* गणितं गटात सोडवायला दिली. त्या मुलांचे निकाल पालटले.

गटात बसलो की गप्पाच होतात. त्याचं काय?

होतातच. चार जण पुरेत. प्रत्येकाने निदान तीन गणितं आधी स्वतः करून आणायची, चुकीची असली तरी चालतील. ज्याचं उत्तर वेगळं आलं त्याने खडू हातात घ्यायचा. ज्याचं बरोबर आलं आहे त्याने गप्प बसायचं, हे सगळ्यात जड जातं. दीड तासाने उठायचं. एखादा कायमच नुसता उतरवून घेत असेल, तर त्याला दोनदा सांगा, तिसऱ्यांदा बोलावू नका.

नोकरी करत शिकावं का?

‘करू नका’ म्हणणं सोपं आहे. म्हणणाऱ्याला भाडं भरायचं नसतं. माझं मत असं, की विज्ञानाच्या विद्यार्थ्याने सत्र चालू असताना आठवड्याला बारा-पंधरा तासांपलीकडे जाऊ नये आणि काम शक्यतो कॉलेजच्या आवारातलं घ्यावं. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणं, ग्रंथालयाचं टेबल सांभाळणं, खालच्या वर्गाला शिकवणं. पैसे बाहेरपेक्षा थोडे कमी मिळतात, पण जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी मागता येते आणि विभागातली माणसं नावाने ओळखायला लागतात. या शेवटच्या गोष्टीची किंमत दोन वर्षांनी शिफारसपत्र मागताना कळते.

रात्रपाळी आणि सकाळी आठचं गणित हे एकत्र जमत नाही. यात मी अजून कुणाला यशस्वी झालेलं पाहिलं नाही. विषय पुढच्या सत्रात ढकलता येत असेल तर ढकला.

शिष्यवृत्ती मिळाली. आता प्रश्न सुटला ना?

अर्धा. अटी वाचा, आणि आजच वाचा.

श्रीनिवास रामानुजन यांना कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली होती. ते गणितात बुडून गेले, बाकीच्या विषयांकडे दुर्लक्ष झालं आणि शिष्यवृत्ती गेली. तीच अट आजही वेगवेगळ्या शब्दांत छापलेली असते: इतकी क्रेडिट्स, इतकी हजेरी, इतकी सरासरी. कामामुळे एक विषय सोडला की क्रेडिट्स कमी पडतात, शिष्यवृत्ती थांबते, ती भरून काढायला जास्त काम घ्यावं लागतं आणि आणखी एक विषय सुटतो. विषय सोडायचा अर्ज भरण्यापूर्वी शिष्यवृत्तीच्या खिडकीवर जाऊन ‘याने माझ्या रकमेवर काय परिणाम होईल?’ हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरी अडचण वेळेची. रक्कम मंजूर होते, पण हातात येते सत्र अर्धं सरल्यावर. पुस्तकं, एप्रन, कॅल्क्युलेटर आणि खोलीचं डिपॉझिट पहिल्याच आठवड्यात लागतं. देणगी देऊ इच्छिणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, की मोठी शिष्यवृत्ती ठेवण्याआधी पहिल्या पंधरवड्याची सोय करा.

थोड्या पैशांत जास्तीत जास्त उपयोग कुठे होतो?

फीच्या थकबाकीत. अमेरिकेतल्या अटलांटाच्या जॉर्जिया राज्य विद्यापीठाच्या लक्षात आलं, की अभ्यासात ठीक चाललेली मुलंसुद्धा काहीशे डॉलरच्या थकबाकीमुळे नोंदणी रद्द होऊन बाहेर पडतात. त्यांनी २०११ मध्ये अशा मुलांसाठी छोटी अनुदानं सुरू केली. यात अर्जाची वाट बघत बसत नाहीत. विद्यापीठच नोंदी पाहून अशी मुलं शोधतं आणि रक्कम थेट त्यांच्या खात्यावर टाकतं. अर्ज करायला न लावणं हे मला यातलं सर्वात शहाणपणाचं वाटतं. ज्याला गरज जास्त, त्याला हात पसरायची लाजही जास्त.

मोठ्या प्रमाणावर काय केलं की फरक पडतो, याचा काही पक्का पुरावा?

आहे. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने २००७ मध्ये ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम दोन वर्षांची पदवी देणाऱ्या महाविद्यालयांत सुरू केला. इतर मदतीनंतर उरलेली फी, पाठ्यपुस्तकं, प्रवासाचा पास आणि नेमून दिलेला सल्लागार, असं सगळं एकत्र. सल्लागाराकडे मुलं मोजकीच असतात आणि भेट टाळता येत नाही. बदल्यात पूर्णवेळ शिकायचं. विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी करून त्याची चाचणी झाली. तीन वर्षांत पदवी घेणारे कार्यक्रमात ४० टक्के निघाले आणि बाहेर २२ टक्के. पुढे ओहायो राज्यातही तो उभा केला, तिथेही परिणाम मोठा दिसला. हा कार्यक्रम सगळ्या शाखांचा आहे, फक्त विज्ञानाचा नाही. पण घटक पाहा: त्यातला जवळजवळ प्रत्येक घटक विद्यार्थ्याला वेळ परत मिळवून देतो. यातला एकच उचलून, म्हणजे नुसतं समुपदेशन देऊन, तसाच निकाल येईल अशी अपेक्षा करू नये.

प्रॅक्टिकलमध्ये माझा मुलगा नुसता उभा राहून बघतो, असं कळलं. तो लाजाळू आहे का?

त्याला आधी ब्रेकेजबद्दल विचारा. भांडं फुटलं की दंड, हे भिंतीवर लिहिलेलं असतं. ज्याला तो दंड परवडणार नाही तो ब्यूरेटला, म्हणजे तोटीच्या काचेच्या मोजनळीला, हात लावत नाही. जोडीदार टायट्रेशन करतो, म्हणजे रंग जेमतेम बदलेपर्यंत थेंब थेंब द्राव सोडतो, हा आकडे लिहून घेतो. वर्षभर असंच. मग परीक्षेत एकट्याला उभं केलं, की तोटी फिरवताना हात थरथरतो, द्राव भसकन येतो आणि गुलाबी छटेऐवजी गडद गुलाबी रंग होऊन बसतो.

शिक्षकांना विनंती: सत्रात पहिला तुटलेला नग माफ करा आणि तसं पहिल्या दिवशी मोठ्याने सांगा. जोडीतली कामं दर आठवड्याला बदलायला लावा. खर्च नगण्य आहे.

लॅपटॉप नाही, पुस्तकं महाग. काय करू?

पुस्तकांचा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा ‘ओपनस्टॅक्स’ हा २०१२ मध्ये सुरू झालेला उपक्रम भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, कॅल्क्युलस यांची पूर्ण पाठ्यपुस्तकं फुकट देतो. पाठ्यपुस्तकाची जुनी आवृत्तीही चालते. बहुतेक गणितं तीच असतात, फक्त क्रमांक बदललेले असतात. फुकट साधनंही आहेत: आलेखांसाठी ‘जिओजेब्रा’, आकडेमोडीच्या महागड्या मॅटलॅबऐवजी ‘ऑक्टेव्ह’, आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा तर ब्राउझरमध्ये ‘गूगल कोलॅब’वर चालतं. तरी मोबाइलच्या छोट्या पडद्यावर प्रोग्राम लिहिणं म्हणजे शिक्षाच. संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी दोन तास जास्त उघडी ठेवा, ही मागणी चार जणांच्या सह्यांनी विभागप्रमुखांकडे द्या. अशा मागण्या मान्य होताना मी पाहिल्या आहेत.

सरांकडे शंका विचारायला जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

‘सर, मला काहीच कळत नाही’ असं म्हणून जाऊ नका. त्यावर सरही हतबल होतात. वहीत गणित जिथपर्यंत आलं तिथपर्यंत लिहून न्या आणि बोट ठेवून सांगा: ‘सर, या ओळीपर्यंत आलो. पुढे अंशाचं काय करायचं ते सुचेना.’ पाच मिनिटांचं काम. शंका खरी नसली तरी पहिल्या तीन आठवड्यांत एकदा जाऊनच या. ओळख झालेली असली, की संकटात जाणं सोपं होतं. शिकलेल्या घरातली मुलं हे घरीच शिकून येतात, तुम्हाला कुणी सांगितलं नाही इतकंच.

शिकवण्याची भाषा माझी नाही. समजायला दुप्पट वेळ लागतो.

लागणारच, तो वेळ वेळापत्रकात धरा. तास सुरू होण्याआधी त्या दिवसाच्या धड्यातल्या व्याख्या आणि नवे शब्द वाचून जा. विचार स्वतःच्या भाषेत करा, गटात चर्चाही त्याच भाषेत करा, उत्तर तेवढं परीक्षेच्या भाषेत लिहायचा सराव ठेवा. गणितात ‘तरच’ आणि ‘तर’ यांतला फरक कळला की निम्म्या सिद्धता सुटतात, आणि तो फरक आपल्या भाषेत चटकन कळतो.

एका विषयात नापास झालो. शाखा बदलू का?

एका निकालावर नको. उत्तरपत्रिका बघायला मिळत असेल तर बघा आणि गेलेले गुण तीन ढिगांत टाका: मुळात कळलंच नव्हतं, कळलं होतं पण हिशेब चुकला, वेळ पुरला नाही. दुसरा आणि तिसरा ढीग मोठा असेल तर तुम्हाला विषय येतो, सराव कमी पडला. पहिला ढीग मोठा असेल तरी ते आठवडे आठवा. कामाच्या पाळ्या, आजारपण, घरचं काही?

अभ्यासाची पद्धतही तपासा. सोडवलेलं उदाहरण पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजे सराव नव्हे. वही मिटून कोऱ्या कागदावर ते परत उभं करता आलं पाहिजे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं, जरी वाचणाऱ्यांना आपलं जास्त पाठ झालंय असं वाटत असलं तरी. ज्याच्याकडे आठवड्याला वीसच तास आहेत, त्याला वाचण्यात ते घालवणं परवडत नाही.

आणि विषय मनापासून आवडतच नसेल, तर खुशाल बदला. त्यात कमीपणा नाही. फक्त शिष्यवृत्तीची खिडकी आधी.

आम्ही शाळा फारशी शिकलो नाही. घरून काय मदत करणार?

परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस घरातली जबाबदारी काढून घ्या. ‘आज काय शिकवलं?’ असं विचारा आणि समजलं नाही तर ‘मला समजेल असं सांग’ म्हणा. समजावून सांगताना त्याचंच पक्कं होतं.

उन्हाळ्यात संशोधन करायचं आहे, पण बिनपगारी. घरी पैसे द्यावे लागतात.

बिनपगारी संशोधन म्हणजे ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी राखीव जागा. हे मी विभागाच्या बैठकीतही बोललो आहे, आवडलं नाही ते. मानधन आहे का, हे विचारायला संकोच करू नका. दुसरा मार्ग असा, की संशोधन अभ्यासक्रमातच घालायचं. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी नेहमीच्या प्रॅक्टिकलऐवजी खऱ्या संशोधनात काम करून क्रेडिट मिळवतात. तो उपक्रम २००५ चा. तिथे वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मी नवीन शिक्षक आहे. ‘गरीब मुलांसाठी’ वेगळा वर्ग काढू का?

नाव तसं देऊ नका. त्याच ऑस्टिनमध्ये डेव्हिड लॉड पाचशे मुलांच्या वर्गाला रसायनशास्त्र शिकवत. बुडणारी मुलं बहुतेक कमी उत्पन्नाच्या घरांतली आहेत, हे त्यांनी पाहिलं. १९९९ मध्ये अशी सुमारे पन्नास मुलं निवडून त्यांनी छोटा वर्ग केला. व्याख्यान तेच, पुस्तक तेच, परीक्षा तीच, वर जादा तास आणि मार्गदर्शक विद्यार्थी. मुलांना सांगितलं ते एवढंच, की तुमची एका खास गटात निवड झाली आहे. सत्राअखेरीला त्यांचे गुण मोठ्या वर्गाच्या बरोबरीचे आले.

मुख्य वर्गातही बदल करता येतो. स्कॉट फ्रीमन या अमेरिकी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३४ टक्के नापास, मुलांना वर्गातच सोडवायला, बोलायला लावणाऱ्या वर्गात २२ टक्के. त्यानंतर २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं, की अशा शिकवण्याने वंचित गटांतल्या आणि बाकीच्या विद्यार्थ्यांमधली दरीही कमी होते, पण वर्गातला बराचसा वेळ त्याला दिला तरच. पाऊण तास बोलून शेवटी ‘काही शंका?’ विचारणं यात धरत नाहीत.

आमच्याकडे निधी नाही. एक शिक्षक आणि दुपारनंतर रिकामी असणारी एक खोली आहे.

पुरे आहे. आठवड्यातून दोनदा, तासिका संपल्या संपल्या, म्हणजे मुलं कामावर जायच्या आत. पाच गणितं फळ्यावर, त्यातलं एक तुम्हालाही चटकन न सुटणारं. तिघा-चौघांच्या टोळ्या करा. तुम्ही फिरत राहा आणि उत्तर सांगू नका. कुणी अडलं तर शेजारच्या टोळीकडे पाठवा. वरच्या वर्गातला एखादा, जो स्वतः मागच्या वर्षी इथेच अडखळला होता, त्याला मदतीला घ्या, टॉपरला नको. टॉपरला अडणं म्हणजे काय ते आठवत नाही.

पहिल्या आठवड्यात तीन जण येतील. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात खुर्च्या कमी पडतील, तेव्हा शेजारच्या वर्गाची किल्ली आधीच मागून ठेवा.